दोन ठिपके दिसले म्हणजे जोडणी सुटली असं नाही: यीस्टमध्ये सिस्टर क्रोमॅटिडची जोडणी तपासण्याची पायरीवार कृती

‘म्यूटंटमध्ये ४० टक्के पेशींत दोन ठिपके आहेत, म्हणजे कोहेसिन बिघडलंय.’ लॅब मीटिंगमध्ये हे वाक्य वारंवार ऐकू येतं आणि बऱ्याचदा चुकीचं निघतं. (कोहेसिन म्हणजे गुणसूत्राच्या दोन प्रती, सिस्टर क्रोमॅटिड, एकत्र बांधून ठेवणारं प्रथिन.) यीस्टच्या पेशीत जीएफपीचे (गुणसूत्राच्या एका ठरावीक जागी बसवलेल्या, हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे) दोन ठिपके निदान पाच कारणांनी दिसतात. जोडणी सुटणं हे त्यातलं एक. पेशी अ‍ॅनाफेजमध्ये (क्रोमॅटिड वेगळी होण्याच्या टप्प्यात) गेली असेल, चेकपॉइंट (गुणसूत्रं नीट जोडली जाईपर्यंत विभाजन अडवणारी यंत्रणा) गळका असेल, स्पिंडलच्या (गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणाऱ्या तंतूंच्या) ताणाने सेंट्रोमियरलगतचा भाग तात्पुरता फाकला असेल किंवा ते गुणसूत्र मुळातच पेशीत दोनदा आलेलं असेल, तरी चित्र तेच दिसतं. उलटीही गफलत होते. डीएनएची प्रत पूर्ण झाली नसेल तर एकच ठिपका दिसतो आणि आपण ‘जोडणी शाबूत’ असं लिहून मोकळे होतो.

ही सगळी कारणं एकेक करून वगळता येतात, पण त्यासाठी पायऱ्यांचा क्रम पाळावा लागतो. ही कृती सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, म्हणजे कळ्या फुटून वाढणाऱ्या यीस्टसाठी आहे.

सुरुवातीआधी: पेशीत काय घडतं, तेवढंच

कोहेसिन हे प्रथिनांचं कडं आहे. एसएमसी१, एसएमसी३ आणि एससीसी१ मिळून ते तयार होतं आणि एससीसी३ त्याला येऊन चिकटतं. एससीसी२ आणि एससीसी४ ही जोडी हे कडं डीएनएवर चढवते. एस-फेजमध्ये डीएनएची प्रत निघत असतानाच इको१ हे एन्झाइम एसएमसी३ वर अ‍ॅसिटिल गट बसवतं आणि जोडणी पक्की होते. पुढे मेटाफेज संपेपर्यंत ती टिकते. सगळी गुणसूत्रं स्पिंडलला नीट जोडली गेली की एपीसी-सीडीसी२० मुळे (ठरावीक प्रथिनं नष्ट करायला लावणाऱ्या संचामुळे) पीडीएस१ (सिक्युरिन) नष्ट होतं, त्याच्या पकडीतून ईएसपी१ (सेपरेज) सुटतं आणि ते एससीसी१ दोन जागी कापतं. त्यानंतर क्रोमॅटिड वेगळी होतात.

यातली एक गोष्ट पुढे सतत लागणार आहे: जोडणी बसते एस-फेजमध्ये, टिकते जी२ आणि मेटाफेजमध्ये, आणि ही दोन कामं करणारी प्रथिनं सगळी सारखी नाहीत.

टप्पा १: प्रश्न ठरवा. बसवणं की टिकवणं?

बहुतेक घोटाळे इथेच होतात, आणि ते मायक्रोस्कोपपाशी बसल्यावर दुरुस्त होत नाहीत. तापमान-संवेदी म्यूटंट (ज्यातलं प्रथिन २५ अंशांवर चालतं, पण ३७ वर निकामी होतं) वापरणार असाल तर तापमान कधी वाढवलं, त्यावर प्रयोगाचा प्रश्नच बदलतो.

क. जोडणी बसते का? पेशी २५ अंशांवर अल्फा-फॅक्टरने (‘अल्फा’ पेशींच्या फेरोमोनने) जी१ मध्ये, म्हणजे एस-फेजच्या आधी, थांबवा. शेवटची ३० मिनिटं ३७ अंशांवर ठेवा. मग अल्फा-फॅक्टर धुऊन, ३७ अंशांवरच नोकोडॅझोल (स्पिंडल मोडून पेशीला विभाजनाआधी अडवणारं औषध) असलेल्या माध्यमात सोडा. प्रथिन एस-फेजच्या आधीच निकामी झालेलं असेल.

ख. बसलेली जोडणी टिकते का? जी१ मध्ये थांबवणं, सोडणं, नोकोडॅझोलमध्ये पुन्हा थांबवणं हे सगळं २५ अंशांवर करा. जवळपास सगळ्या पेशी मोठ्या कळीच्या झाल्यावरच ३७ अंशांवर न्या आणि दर १५ मिनिटांनी तासभर नमुने घ्या.

एससीसी१-७३ हा म्यूटंट क आणि ख दोन्हींत दोन ठिपके दाखवतो, कारण एससीसी१ दोन्ही कामांना लागतं. इको१-१ फक्त क मध्ये बिघडतो. ख मध्ये त्याची जोडणी टिकते, कारण इको१ चं काम एस-फेजमध्येच उरकलेलं असतं. नव्या जनुकावर काम करताना हे दोन्ही म्यूटंट सोबत चालवा. ते अपेक्षेप्रमाणे वागले नाहीत तर तुमच्या म्यूटंटच्या आकड्याला काही अर्थ नाही.

> सावधान: फक्त क करून ‘हे प्रथिन जोडणी टिकवतं’ असा निष्कर्ष काढता येत नाही. परीक्षकांचा पहिला आक्षेप हाच असतो आणि तो रास्त असतो.

टप्पा २: स्ट्रेन तपासा

नेहमीच्या रचनेत पाचव्या गुणसूत्रावर यूआरए३ च्या जागी टेट-ऑपरेटरची लांब रांग बसवलेली असते. ही जागा सेंट्रोमियरपासून सुमारे ३५ किलोबेस लांब आहे. जीएफपी जोडलेलं टेट-रिप्रेसर प्रथिन त्या रांगेवर बसलं की केंद्रकाच्या फिकट हिरवट पार्श्वभूमीवर एक ठळक ठिपका दिसतो. क्रोमॅटिड वेगळी झाली की त्याचे दोन होतात.

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात हे पाहून घ्या:

१. ठिपका ठळक आहे का? पुनरावृत्ती असलेली रांग आपसात रिकॉम्बाइन होऊन आखूड होते आणि ठिपका फिका पडतो. दर वेळी उणे ८० अंशांतल्या साठ्यातून ताज्या पेशी काढा आणि निवडक माध्यमावर वाढवा. महिनाभर फ्रिजमध्ये पडलेल्या प्लेटवरून सुरुवात करू नका.

२. जी१ पेशीत एकच ठिपका आहे का? कोहेसिनचे म्यूटंट विभाजनात चुका करतात, त्यामुळे त्यांच्यात एखादं गुणसूत्र जास्तीचं असणं सर्रास आढळतं. पाचवं गुणसूत्र दोनदा आलेल्या पेशीत जी१ मध्येच दोन ठिपके दिसतील. ही तपासणी फुकटची आहे आणि तरीही सर्वांत जास्त वगळली जाते.

३. पेशी मेटिंग टाइप ‘ए’ च्या आहेत ना? ‘अल्फा’ पेशी अल्फा-फॅक्टरला दाद देत नाहीत.

४. बीएआर१ (अल्फा-फॅक्टर फोडणाऱ्या प्रोटीएजचं जनुक) आहे की काढलेलं आहे? अल्फा-फॅक्टर किती घालायचं ते यावरच ठरतं. लेबलवर लिहिलेलं नसेल तर पीसीआर करून घ्या.

५. स्ट्रेनमध्ये दुसरीकडे टेट-प्रमोटर आहे का? असेल तर डॉक्सिसायक्लिन घालताच टेट-रिप्रेसर डीएनएवरून सुटतो आणि ठिपकाच नाहीसा होतो.

डब्ल्यू३०३ जातीच्या स्ट्रेनमध्ये एडीई२ बिघडलेलं असतं. अ‍ॅडेनीन कमी पडलं की पेशीत लालसर रंगद्रव्य साचतं आणि ते मायक्रोस्कोपखाली चमकतं. वसाहती गुलाबी दिसत असतील तर माध्यमात अ‍ॅडेनीन वाढवा आणि मगच पुढे जा.

टप्पा ३: माध्यम, रसायनं आणि तापमान

माध्यम साधं वायपीडी: १ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २ टक्के पेप्टोन, २ टक्के ग्लुकोज, वर अ‍ॅडेनीन. अल्फा-फॅक्टर बीएआर१ असलेल्या पेशींना मिलीलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतं. बीएआर१ काढलेल्या पेशींना त्याच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाने काम होतं. नोकोडॅझोलचा साठा डीएमएसओ या द्रावकात मिलीलिटरला १.५ मिलिग्रॅम ठेवा आणि अंतिम प्रमाण १५ मायक्रोग्रॅम. म्हणजे डीएमएसओ १ टक्काच जातो.

नोकोडॅझोल पाण्यात विरघळायला नाखूश असतं. थंड माध्यमात एकदम ओतलं तर पांढरे तंतू तरंगताना दिसतात. ते दिसले की ते माध्यम फेकून द्या, कारण गाळून उरलेल्यात औषध किती आहे हे कळायला मार्ग नाही. माध्यम आधी प्रयोगाच्या तापमानाला आणा, फ्लास्क गोल फिरवत ठेवा आणि थेंब थेंब सोडा. हातमोजे घालूनच हाताळा.

तापमानाचं थोडं सविस्तर सांगतो. प्रोटोकॉलमध्ये ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं ते थंड देशातल्या खोलीचं. मे महिन्यात पुण्या-नागपुरातल्या लॅबमध्ये टेबलावर ठेवलेला फ्लास्क ३२-३३ अंशांना सहज पोचतो. त्या तापमानाला कित्येक तापमान-संवेदी प्रथिनं निम्मी निकामी झालेली असतात. मग ‘२५ अंशांवरच्या कंट्रोलमध्येही दोन ठिपके का?’ यावर आठवडाभर डोकं फुटतं. पेशी वाढवण्यापासून धुण्यापर्यंत सगळं २५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये करा. धुण्याचं माध्यमही तिथेच ठेवा आणि सेंट्रिफ्यूजचं तापमान २५ वर लावा.

३७ वर नेतानाही वॉटर बाथच वापरा. हवेच्या शेकरमध्ये १०० मिलिलिटरचा फ्लास्क तापायला बराच वेळ घेतो. तेवढ्यात पेशी एस-फेजमध्ये शिरल्या तर क प्रयोगाचा नकळत अर्धवट ख होतो.

> तपासा: फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवून बघा. बाथच्या पडद्यावरचा आकडा बाथचा असतो, पेशींचा नव्हे.

टप्पा ४: जी१ मध्ये थांबवणं

रात्रभर वाढवलेल्या पेशी सकाळी विरळ करा आणि ओडी (कल्चरच्या दाटपणाचं माप) ०.२ ते ०.३ झाल्यावर अल्फा-फॅक्टर घाला. दाट कल्चरमध्ये बीएआर१ प्रोटीएज अल्फा-फॅक्टर फस्त करतं आणि पेशी निसटतात. बीएआर१ असेल तर दीड तासाने आणखी अर्धा डोस द्या.

२५ अंशांवर अडीच-तीन तास लागतील. घड्याळावर विसंबू नका, पेशी बघा. थांबलेल्या पेशीला कळी नसते आणि तिचं एक टोक पेरूच्या देठाकडच्या भागासारखं निमुळतं होतं. ९० टक्क्यांहून जास्त पेशी बिनकळीच्या झाल्या की पुढे जा. २०० पेशी मोजून खात्री करा. नुसत्या नजरेने ‘झालंय’ म्हणू नका. एकमेकींना चिकटलेल्या पेशी कळीवाल्या भासतात, म्हणून मोजण्याआधी नमुन्याला सोनिकेटरचे दोन-तीन हलके झटके द्या.

उलट, तासन् तास थांबवूनही ठेवू नका. तीन तासांनंतर काही पेशी फार लांबोडक्या होतात आणि सोडल्यावर एकसाथ निघत नाहीत.

शून्य मिनिटाचा नमुना इथेच घ्या. टप्पा २ मधली जी१ ठिपक्यांची मोजणी या नमुन्यावर पुन्हा करायची आहे.

टप्पा ५: सोडणं आणि पुन्हा अडवणं

क प्रयोगात ३७ अंशांवरची ३० मिनिटं अल्फा-फॅक्टर असतानाच द्यायची आहेत. आधी धुऊन मग तापवणं हा क्रम चुकीचा आहे.

१. पेशी फिल्टरवर गोळा करा. फिल्टर नसेल तर सेंट्रिफ्यूज करा, पण झटपट.
२. त्याच तापमानाच्या माध्यमाने तीनदा धुवा. शेवटच्या धुण्यात मिलीलिटरला ०.१ मिलिग्रॅम प्रोनेज घातलं तर उरलंसुरलं अल्फा-फॅक्टर संपतं.
३. नोकोडॅझोल असलेल्या ताज्या माध्यमात सोडा. हा शून्य क्षण.
४. दर १५ मिनिटांनी नमुना घ्या, दोन तासांपर्यंत.
५. तासाभराने नोकोडॅझोलचा अर्धा डोस पुन्हा द्या.

कंट्रोलमधल्या ९० टक्के पेशींची कळी मोठी आणि केंद्रक एकच, न फाटलेलं असेल तर अडवणं जमलं. नोकोडॅझोलने मायक्रोट्यूब्यूल विस्कटतात, स्पिंडल चेकपॉइंट जागा होतो, पीडीएस१ टिकतं आणि सेपरेज बांधलेलं राहतं. म्हणजे या पेशींत दोन ठिपके दिसले तर ते सेपरेजने एससीसी१ कापल्यामुळे नसावेत. ही ‘नसावेत’मधली शंका पुढच्या टप्प्यात फेडायची आहे.

> सावधान: पेशी कायम अडून राहत नाहीत. आधीच्या कळीशिवाय आणखी नवी कळी दिसू लागली की चेकपॉइंट सुटू लागला आहे. तिथून पुढचे नमुने मोजू नका.

टप्पा ६: प्रत्येक नमुन्याचे तीन वाटे

नमुना घेतला की लगेच तीन नळ्यांत विभागा. नंतर ‘फ्लो सायटोमेट्री करून ठेवायला हवी होती’ असं वाटून उपयोग नसतो.

पहिला वाटा फ्लो सायटोमेट्रीला. पेशी ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, आरएनएज आणि प्रोटीएजची प्रक्रिया करा, मग प्रोपिडियम आयोडाइडने रंगवा. पेशी १सी वरून (प्रत निघण्याआधीच्या डीएनएवरून) २सी ला (दुप्पट डीएनएला) गेल्या का, हे पाहायचं आहे. म्यूटंट १सी आणि २सी च्या मध्ये अडकला असेल तर त्याच्या ठिपक्यांची कंट्रोलशी तुलना होत नाही.

दुसरा वाटा वेस्टर्न ब्लॉटला, पीडीएस१ आणि एससीसी१ साठी. दोन्हींना टॅग लावलेला असेल तर काम सोपं. पीडीएस१ टिकून आहे आणि एससीसी१ चा कापलेला तुकडा नाही, हे दिसलं की सेपरेजची शंका मिटते. म्यूटंटमध्ये पीडीएस१ खाली जात असेल तर दोष चेकपॉइंटमध्ये असण्याची शक्यता आधी धरा. माझ्या मते एक एमएडी२ (स्पिंडल चेकपॉइंटचं जनुक) काढलेला स्ट्रेन प्रत्येक प्रयोगात हवाच. नोकोडॅझोलमध्ये तो अडत नाही, पीडीएस१ नष्ट करतो आणि दोन ठिपके दाखवतो, तेही कोहेसिनमध्ये काहीही बिघाड नसताना. हा खोटा होकार डोळ्यांनी एकदा पाहिलेला असला की आपल्या म्यूटंटकडे बघायची नजर बदलते.

तिसरा वाटा मायक्रोस्कोपला.

टप्पा ७: फिक्सिंग आणि चित्र

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १० ते १५ मिनिटं पुरे. तासभर ठेवलं तर जीएफपी मंद होतो आणि पार्श्वभूमी वाढते. मग दोनदा बफरने धुवा. वायपीडी स्वतःच चमकतं, म्हणून त्यातल्या पेशी तशाच स्लाइडवर टाकू नका. डीएनए पाहायला डॅपी घाला. नमुने ४ अंशांवर ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

१०० पट ऑइल ऑब्जेक्टिव्ह वापरा. पेशीची जाडी ४-५ मायक्रॉन असते, म्हणून एका प्रतलाचा फोटो चालत नाही. दुसरा ठिपका वरच्या किंवा खालच्या थरात लपलेला असतो. ०.२ ते ०.३ मायक्रॉनच्या पायऱ्यांनी पूर्ण जाडी घ्या. मोजताना एकत्र दाबलेल्या चित्रावर थांबू नका, थर पुढे-मागे सरकवून बघा.

सगळ्या नमुन्यांना एक्स्पोजर एकच ठेवा. स्क्रीनवर कॉन्ट्रास्ट वाढवत गेलात तर एका फुगीर ठिपक्याचे दोन ‘दिसायला’ लागतात.

टप्पा ८: मोजणी

मोजायच्या पेशी फक्त मोठ्या कळीच्या, केंद्रक एकच असलेल्या. डॅपीत केंद्रक आई आणि कळीत वाटलं गेलेलं दिसलं तर ती पेशी वगळा आणि अशा किती वगळल्या ते वेगळं लिहा. तो आकडा मोठा असेल तर अडवणं फसलं आहे.

दोन ठिपके कशाला म्हणायचं, हा नियम मोजणीआधी लिहून ठेवा. मध्ये काळी फट स्पष्ट दिसली तरच दोन, हा साधा नियम चांगला चालतो. प्रकाश सूक्ष्मदर्शकाला सुमारे पाव मायक्रॉनपेक्षा जवळचे ठिपके वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे थोडी सुटलेली क्रोमॅटिड ‘एक’ मध्येच मोजली जाणार हे धरून चाला. याच कारणाने, आणि स्पिंडल नसल्यामुळे सुटलेली क्रोमॅटिड ओढून लांब नेणारं कुणी नसतं म्हणून, जोडणी पूर्ण गेली तरी १०० टक्के पेशींत दोन ठिपके दिसत नाहीत. एससीसी१-७३ मध्ये साठ-सत्तर टक्के दिसले तर ‘प्रयोग अर्धवट झाला’ असं समजू नका. चांगल्या कंट्रोलमध्येही शून्य येत नाही, साधारण ५ ते १५ टक्के येतात.

नळ्यांवर दुसऱ्या कुणाकडून सांकेतिक आकडे टाकून घ्या आणि नमुना कोणता हे न कळता मोजा. प्रत्येक नमुन्यात २०० पेशी. १० टक्क्यांच्या आसपास २०० पेशींवर मोजणीचीच चूक अधिक-उणे २ टक्के असते, ५० टक्क्यांच्या आसपास साडेतीन. त्यामुळे १० आणि १३ मधल्या फरकावर परिच्छेद लिहू नका. वेगवेगळ्या दिवशी तीन स्वतंत्र प्रयोग करा आणि आलेखावर तीन बिंदू दाखवा. तीन प्रयोगांच्या ६०० पेशी एकत्र करून ‘एन बरोबर ६००’ लिहिलं की एरर बार सुंदर दिसतात, पण ते खोटे असतात.

टप्पा ९: नोकोडॅझोलशिवाय पडताळा

नोकोडॅझोल हे औषध आहे आणि त्याचे आडपरिणाम असू शकतात. म्हणून तोच निकाल सीडीसी२० बंद करून मिळतो का ते पाहा. एमईटी३ प्रमोटरखाली (मेथिओनिन दिलं की जनुक बंद करणाऱ्या स्विचखाली) सीडीसी२० असलेल्या पेशी मेथिओनिन नसलेल्या माध्यमात वाढवा. जी१ मधून सोडताना २ मिलिमोलर मेथिओनिन द्या. पेशी मेटाफेजमध्ये थांबतात, आणि या वेळी स्पिंडल शाबूत असतो.

इथे सापळा वेगळा आहे. दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्या स्पिंडलमुळे सेंट्रोमियरलगतचे भाग निरोगी पेशीतही फाकतात आणि पुन्हा जवळ येतात. ठिपका सेंट्रोमियरपासून १०-१२ किलोबेसवर, उदाहरणार्थ चौथ्या गुणसूत्रावरच्या टीआरपी१ पाशी, बसवला असेल तर निरोगी कंट्रोलमध्येही भरपूर दोन ठिपके दिसतील. या पडताळ्यासाठी यूआरए३ किंवा त्याहून लांबची जागाच वापरा. नोकोडॅझोलमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण ओढायला स्पिंडलच नसतो.

तापमानाचाच संशय असेल तर ऑक्सिन-डिग्रॉन वापरा. प्रथिनाला एआयडी टॅग लावायचा, भाताचं टीआयआर१ (ऑक्सिन असताना टॅग ओळखून प्रथिन नष्ट करायला लावणारं प्रथिन) पेशीत व्यक्त करायचं आणि ऑक्सिन घालून प्रथिन नष्ट करायचं. तापमान २५ च राहतं. कंट्रोल दोन लागतात: टॅग आहे पण टीआयआर१ नाही अशा पेशींना ऑक्सिन, आणि पूर्ण स्ट्रेनला फक्त द्रावक. प्रथिन किती मिनिटांत गेलं हे दर वेळी वेस्टर्नवर बघा आणि तेवढ्या मिनिटांचा हिशेब करून ऑक्सिन जी१ मध्येच घाला. काही टॅग ऑक्सिन नसतानाही प्रथिन थोडं कमी करतात. तसं असेल तर ‘द्रावक’ कंट्रोलमध्येच दोन ठिपके वाढलेले दिसतील, आणि मग टॅग प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला लावून नवा स्ट्रेन बनवण्यावाचून इलाज नाही.